मुक्या जिवाचे माप

ताटात आलेल्या मांसाविषयी आपल्या घरांत एक प्रश्न आवर्जून विचारला जातो : जनावर शरीअतच्या रीतीने जबह झाले आहे ना? हा प्रश्न योग्यच आहे आणि त्याचे समाधान झाल्याविना घास तोंडात घालू नये, हेही योग्यच. परंतु सुरी फिरते तो त्या कोंबडीच्या आयुष्याचा शेवटचा क्षण असतो. त्याआधीचे पाच-सहा आठवडे ती काय खात होती, तिच्या वाट्याचे खाद्य तिला पूर्ण मिळाले की नाही, त्याचे माप कोणी केले आणि त्या मापात कोणी हात मारला तर ते कळणार कसे, हे प्रश्न आपल्या मनात क्वचितच उठतात. पवित्र कुरआनाने तर सर्व मानवांना संबोधून अन्नाच्या दोन अटी एकत्र सांगितल्या आहेत : ते हलाल असावे आणि तय्यिब, म्हणजे शुद्ध व उत्तम असावे (सूरह अल-बकरा, आयत १६८). पहिल्या अटीची आपण चौकशी करतो, दुसरीचे काय?

या लेखात आपण हा प्रश्न एका अगदी लहान वस्तूच्या निमित्ताने तपासणार आहोत. ब्रॉयलर कोंबड्यांच्या धान्याच्या खाद्यात आज विकरे मिसळली जातात. व्यवहारात त्यांना एन्झाइम म्हणतात. एक टन खाद्यात ती काही ग्रॅमच पडतात. पण त्या चिमूटभर भुकटीत अमानतीचा केवढा मोठा प्रश्न दडला आहे, हे पाहिल्यावर आपणही विचारात पडाल.

जवाची पेज आणि पिल्लाचे आतडे

प्रेषित मुहम्मद (स.) यांच्या काळात मदीनेच्या घराघरांत जव हे नित्याचे धान्य होते. हजरत सहल बिन सअद (रजि.) यांच्या निवेदनातून कळते की, तेव्हा पीठ चाळले जात नसे, जव दळून त्यावर फुंकर घालीत, कोंडा उडेल तेवढा उडे आणि उरलेले पीठ मळले जाई (बुखारी). हजरत आयेशा (रजि.) आजारी आणि शोकाकुल माणसांना तलबीना देण्यास सांगत. तलबीना म्हणजे पातळ पेज. आजही ती जवाच्या पिठाची करतात. ही पेज शिजताना दाटसर होते, कारण जवात बीटा-ग्लुकन नावाचा तंतुमय पदार्थ असतो आणि तो पाण्यात विरघळून चिकट होतो. माणसाच्या पोटाला हा दाटपणा मानवतो.

कोंबडीच्या पिल्लाला मात्र तो मानवत नाही. त्याच्या आतड्यातील अन्नरस घट्ट व चिकट होतो, पाचक रस घासात नीट मिसळत नाहीत, विशेषतः स्निग्ध पदार्थ शोषले जात नाहीत. विष्ठा ओली आणि चिकट पडते. गहू व राय या धान्यांत हेच काम अरॅबिनोझायलान नावाचा पदार्थ करतो. हे दोन्ही पदार्थ तोडणारी विकरे कोंबडीच्या शरीरात तयार होत नाहीत. म्हणून दाणे समोर असूनही त्यांतील पोषणाचा काही भाग तिच्या हाती लागत नाही.

यावर माणसाने उपाय शोधला, तो हळूहळू. १९२५ साली अमेरिकेत बुरशीपासून मिळवलेले विकर कोंबड्यांच्या खाद्यात वापरून पाहिले गेले. १९५७ साली वॉशिंग्टन राज्यातील संशोधकांनी जवाच्या खाद्यात विकर मिसळल्यास पिल्लांची वाढ सुधारते, हे दाखवून दिले. १९८० च्या दशकात फिनलंडमध्ये, जेथील थंड हवेत मका पिकत नाही व जव पिकतो, अशा खाद्याचा व्यापारी वापर सुरू झाला. १९९० च्या सुमारास कॅनडातील सास्काचेवान विद्यापीठात बेडफर्ड आणि क्लासेन यांनी आतड्यातील रसाचा चिकटपणा आणि पिल्लाची वाढ यांचा संबंध मोजून मांडला. आज बीटा-ग्लुकन तोडणारे बीटा-ग्लुकनेज आणि अरॅबिनोझायलान तोडणारे झायलनेज ही दोन विकरे गहू-जवाच्या खाद्यात जगभर वापरली जातात.

आपल्याकडे ब्रॉयलरचे खाद्य मुख्यतः मका आणि सोयापेंड यांचे असते. त्यात हा चिकटपणा फारसा नसतो. पण तेथे दुसरी अडचण आहे. धान्यातील स्फुरदाचा, म्हणजे फॉस्फरसचा, सुमारे दोन तृतीयांश भाग फायटेट नावाच्या रूपात बांधलेला असतो. पिल्लाच्या हाडांना स्फुरद हवे असते, आणि ते दाण्यात असूनही कुलुपात असते. त्यामुळे खाद्यात डायकॅल्शियम फॉस्फेट वरून घालावे लागते आणि न पचलेले स्फुरद विष्ठेतून माती-पाण्यात जाते. त्याने तळी-ओढे शेवाळतात व त्यांतील मासे गुदमरतात. हे कुलूप उघडणाऱ्या विकराचे नाव फायटेज. १९९१ पासून ते बाजारात मिळू लागले. जनावरांच्या शेणामुतातील स्फुरदाने जेथील जमीन भरून गेली होती, त्या नेदरलंड्समध्ये त्याची गरज प्रथम तीव्रतेने जाणवली होती. आपल्या घरांत कडधान्याला मोड आणतात तेव्हा दाण्यातले हेच विकर जागे होते आणि हेच काम थोड्या प्रमाणात करते. अल्लाहने दाण्यातच त्याच्या कुलपाची किल्लीही ठेवली आहे, असे म्हटले तर ते वावगे ठरू नये.

हे वैध आहे काय?

काही सश्रद्ध मनांत येथे शंका येते. पहिली शंका अशी की, हा सृष्टीत ढवळाढवळ करण्याचा प्रकार तर नव्हे? पवित्र कुरआनात शैतानाची एक प्रतिज्ञा सांगितली आहे : तो माणसांना जनावरांचे कान चिरायला लावील आणि अल्लाहच्या निर्मितीत बदल करायला लावील (सूरह अन्-निसा, आयत ११९). परंतु विकर कोंबडीच्या देहात काही बदलत नाही. ते घासावर काम करते, आणि पुढे स्वतःही इतर प्रथिनांसारखे पचून जाते. भिजवणे, दळणे, शिजवणे, आंबवणे या क्रिया माणूस आपल्या अन्नावर सदैव करीत आला आहे. विकराची क्रिया त्याच जातीची आहे.

दुसरी शंका ते येते कोठून, ही. ही विकरे प्रामुख्याने ॲस्परजिलस, ट्रायकोडर्मा यांसारख्या बुरशींपासून आणि काही जिवाणूंपासून मोठ्या टाक्यांत आंबवण प्रक्रियेने तयार करतात. निषिद्धतेचा पुरावा नसेल तोवर वस्तू वैध मानावी, हा फिकहशास्त्राचा सर्वमान्य नियम येथे लागू पडतो. किंबहुना फायटेजमुळे डायकॅल्शियम फॉस्फेटची गरज कमी होते, आणि हा पदार्थ खडकापासून बनतो तसा हाडांपासूनही बनवता येतो. ती हाडे कोणत्या जनावरांची, हा प्रश्न जेथे उद्भवतो तेथे विकराने शंकेला जागा कमीच होते.

कोंबडीच्या खाण्याविषयी प्रेषितांच्या सोबत्यांमध्येही चर्चा झाली होती, हे लक्षात घेण्यासारखे आहे. हजरत अबू मूसा अशअरी (रजि.) यांच्यासमोर कोंबडीचे जेवण आले असता एक गृहस्थ मागे सरले. कोंबडीला काही घाण खाताना पाहिल्यापासून आपल्याला तिचा किळस येतो, असे त्यांनी सांगितले. हजरत अबू मूसा (रजि.) यांनी त्यांना जवळ बोलावले आणि प्रेषितांना (स.) कोंबडी खाताना आपण पाहिले आहे, असे सांगितले (बुखारी). दुसरीकडे, जे जनावर घाणीवरच पोसले जाते त्याला जल्लाला म्हणतात आणि त्याचे मांस व दूध वापरण्यास प्रेषितांनी (स.) मनाई केल्याच्या हदीस अबू दाऊद व तिर्मिजी यांच्या संग्रहांत आहेत. हजरत इब्ने उमर (रजि.) अशी कोंबडी तीन दिवस बांधून, स्वच्छ खाद्य देऊन मग खात, असेही नमूद आहे. दोन्ही गोष्टी एकत्र वाचल्या तर शिकवण स्पष्ट होते : किरकोळ संशयाने हलाल वस्तू टाकू नये, पण जनावराच्या पोटात काय गेले हा प्रश्न धर्माच्या कक्षेबाहेरचाही समजू नये.

तात्पर्य, विकराचा वापर वैध आहे. त्याने धान्य वाया जात नाही, पाणी कमी दूषित होते, पिल्लाच्या आतड्यावरील भार हलका होतो. नासाडी करणाऱ्यांना अल्लाह पसंत करीत नाही (सूरह अल-आराफ, आयत ३१), हे आपण जाणतो. मग नासाडी टाळणारे साधन प्रशंसनीयच म्हणावे लागेल. पण साधन वैध ठरले म्हणून त्याचा प्रत्येक उपयोग वैध ठरत नाही. तराजूही वैधच आहे. पाप दांडी मारण्यात असते.

शंभर ग्रॅमांचा विश्वास

खाद्य बनवणारा विकराचा हिशेब कसा करतो, ते आता पाहू. ब्रॉयलर पिल्लाला पहिल्या तीन आठवड्यांत खाद्याच्या सुमारे ०.४५ टक्के इतके उपलब्ध स्फुरद मिळावे, असे अमेरिकेच्या राष्ट्रीय संशोधन परिषदेने १९९४ च्या शिफारशींत म्हटले आहे. किलोमागे ५०० एकके फायटेज घातले की त्याच्यामुळे साधारण ०.१ टक्का स्फुरद धान्यातूनच सुटेल, असे धरतात. म्हणून तेवढे स्फुरद वरून घालणे बंद करतात. टनाच्या हिशेबात याचा अर्थ असा की, पाच-सहा किलो डायकॅल्शियम फॉस्फेट काढून घेतले आणि त्याच्या जागी फायटेजची भुकटी, तिच्या तीव्रतेनुसार शंभर ग्रॅमांच्या आसपास, घातली. झायलनेजच्या बाबतीतही असेच होते : विकरामुळे इतकी ऊर्जा जास्त सुटेल असे धरून तेवढे तेल किंवा धान्य आधीच कमी करतात.

वाचकहो, येथे थोडे थांबून विचार करा. दाणे खरोखर काढून घेतलेले आहेत; त्यांच्या बदल्यात दिलेले आहे ते एक आश्वासन. ते आश्वासन शंभर ग्रॅम भुकटीवर उभे आहे, आणि ती भुकटी हजार किलोंत सारखी मिसळली गेली पाहिजे. शिवाय विकर हे प्रथिन आहे. गोळी खाद्य बनवताना वाफेने तापमान ८० ते ९० अंश सेल्सिअसपर्यंत जाते. त्यात साधे विकर निकामी होऊ शकते. म्हणून त्यावर संरक्षक आवरण देतात, किंवा उष्णता सोसणारे विकर वापरतात, किंवा गोळी थंड झाल्यावर ते द्रवरूपात फवारतात. गोदामातील उष्णता व ओल यांनीही ते कालांतराने क्षीण होते. कोणी स्वस्तातली, बिनआवरणाची भुकटी वापरली, मात्रा अर्धी केली किंवा जुना साठा खपवला, तर पोते पूर्वीइतकेच भरते, वजनकाटा तोच आकडा दाखवतो, खाद्याचा रंग व वासही बदलत नाही. कमी झालेले असते ते फक्त पिल्लाच्या हाडांत जायचे स्फुरद.

एकदा बाजारातून जात असता प्रेषितांनी (स.) धान्याच्या एका ढिगात हात घातला आणि त्यांच्या बोटांना आतली ओल लागली. विक्रेत्याने पावसाचे कारण सांगितले. तेव्हा प्रेषितांनी (स.) विचारले की, ओला भाग लोकांना दिसेल असा वर का ठेवला नाहीस, आणि फसवणूक करणाऱ्याशी आपले नाते नाही, असे बजावले (मुस्लिम). तेथे निदान हात घातल्यावर ओल लागत होती. विकराच्या बाबतीत कितीही खोल हात घातला तरी बोटांना काही लागत नाही.

सूरह अल-मुतफ्फिफीनच्या आरंभी ज्यांच्या विनाशाची घोषणा आहे, ते लोक घेताना माप पुरेपूर घेतात आणि देताना घट करतात. आजच्या खाद्य-व्यवहाराला ही कसोटी लावा. पाच किलो खनिज काढून घेताना हिशेब ग्रॅमपर्यंत अचूक होतो. मग त्या बदल्यातले विकर पिल्लाच्या चोचीपर्यंत जिवंत पोहोचते की नाही, याची तपासणी तितक्याच अचूकतेने होते काय? होत नसेल, तर तेथे घेण्याचे माप एक आणि देण्याचे माप दुसरे झाले. फसवला गेलेला जीव मुका आहे, एवढाच काय तो फरक.

दोन आक्षेप

यावर व्यवहारी माणूस म्हणेल : कोंबडी उपाशी राहिली तर वजन घटेल, वजन घटले तर धंद्याचे नुकसान होईल; तेव्हा नफाच तिचे रक्षण करतो, धर्माला मध्ये आणण्याचे कारण काय? या म्हणण्यात थोडे तथ्य आहे, म्हणून ते झटकून टाकू नये. पण नफ्याची नजर सरासरीवर असते. हजारो पिल्लांच्या शेडमध्ये सरासरी वजन समाधानकारक असेल, तर हाडे ठिसूळ होऊन पाय ओढणारी काही पिल्ले जमाखर्चात दिसतही नाहीत. अल्लाहच्या दरबारात मात्र हिशेब सरासरीचा नाही. एका मांजरीला कोंडून उपाशी मारल्याबद्दल एका स्त्रीला शिक्षा झाल्याची हदीस आपण सर्वांनी ऐकली आहे. तेथे प्रश्न एका मांजरीचाच होता.

शिवाय नुकसान नेहमी चूक करणाऱ्याचेच होते असे नाही. महाराष्ट्रात आज पुष्कळ शेतकरी करार पद्धतीने ब्रॉयलर पाळतात. पिल्ले, खाद्य व औषधे कंपनीची. शेड, वीज, पाणी आणि रात्रंदिवसाची मेहनत शेतकऱ्याची. बॅच गेल्यावर त्याचे संगोपन शुल्क ठरते, तेव्हा किती खाद्यात किती वजन आले आणि मरतूक किती झाली, हे पाहिले जाते. खाद्यातील विकर निकामी असेल तर प्रमाण बिघडते आणि कपात त्याच्या शुल्कात होऊ शकते. घट त्याने केलेली नसते, त्याला ती दिसलेलीही नसते. अशा व्यवहारात मुक्या जिवाबरोबर एका बोलत्या माणसाचाही हक्क मारला जातो, आणि दोघांपैकी कोणालाच पुरावा देता येत नाही.

दुसरा आक्षेप असा : सहा आठवड्यांनी जे कापायचेच आहे, त्याच्या सुखदुःखाचा एवढा विचार कशाला? याचे उत्तर प्रेषितांनी (स.) आपल्या आचरणाने दिले आहे. एका अन्सारी सोबत्याच्या बागेतील उंट त्यांच्याकडे पाहून कण्हू लागला, तेव्हा त्यांनी मालकाला बोलावून विचारले की, अल्लाहने तुझ्या ताब्यात दिलेल्या या जनावराविषयी तुला अल्लाहचे भय वाटत नाही काय. तू त्याला उपाशी ठेवतोस व थकवतोस, अशी त्याची तक्रार आहे (अबू दाऊद). जबह करण्याची अनुमती आपल्याला अल्लाहच्या नावाने मिळाली आहे, म्हणूनच जबह करताना त्याचे नाव घेतो. ज्याच्या नावाने प्राण घ्यायचे, त्यानेच त्या जिवाचे अन्न आपल्या शिरावर घेतले आहे (सूरह हूद, आयत ६). ते अन्न त्याच्यापर्यंत पोहोचवणारे आपण मध्यस्थ आहोत. मध्यस्थाने पोचत्या करायच्या ठेवीतून चोरी करावी आणि मग मालकाच्या नावाने सुरी चालवावी, हे कोणत्या तोंडाने?

वाचलेला लाभ कोणाचा?

आणखी एक गोष्ट सूक्ष्म आहे. विकरामुळे विष्ठा कोरडी पडते, शेडमधील तुसाची गादी सुकी राहते, अमोनियाचा उग्र दर्प कमी होतो आणि पिल्लांच्या तळपायांना जखमा कमी होतात. ही त्या जिवांवर झालेली दयाच आहे. पण गादी सुकी राहते म्हटल्यावर त्याच जागेत आणखी पिल्ले कोंबण्याचा मोह होतो. तसे केले तर गादी पुन्हा ओली, हवा पुन्हा उग्र. दया आली आणि पिल्लाला न शिवता नफ्याच्या खात्यात जमा झाली.

इस्लामने नफा निषिद्ध केलेला नाही. प्रामाणिक व्यापाऱ्याचा दर्जा त्याने उंच ठेवला आहे. प्रश्न पहिल्या वाट्याचा आहे. इमाम इज्जुद्दीन बिन अब्दुस्सलाम (रह.) यांनी माणसावरील जनावरांचे हक्क मोजून सांगितले आहेत : त्यांच्या खाण्यापिण्याचा खर्च करावा, ते म्हातारे वा आजारी होऊन निरुपयोगी झाले तरीही, त्यांच्यावर झेपणार नाही असे ओझे लादू नये, त्यांना इजा होईल अशांच्या सोबत ठेवू नये, जबह करताना ती उत्तम रीतीने करावी. हे गृहस्थ हिजरी ६६० मध्ये निवर्तले. ‘हक्क’ हा शब्द त्यांनी जनावरासाठी वापरला, हे विशेष. हक्क आधी चुकता करायचा असतो आणि मग जे उरेल ते आपले. विकराने वाचवलेल्या धान्यातून, सुकवलेल्या गादीतून पिल्लाला पुरेसे पोषण, कोरडी जागा आणि चालता येईल असे पाय मिळाले, म्हणजे हक्क चुकता झाला. त्यापुढचा नफा खुशाल घ्यावा, आणि त्याबद्दल अल्लाहचे आभारही मानावेत.

आपण काय करावे?

पूर्वी मुस्लिम शहरांत बाजारावर देखरेख करणारा मुहतसिब असे. अल्-मावर्दी (रह.) यांनी राज्यकारभारावरील आपल्या ग्रंथात त्याच्या कर्तव्यांत वजन-मापांची तपासणी सांगितली आहे, आणि जनावरांच्या वैरणीत कसूर करणाऱ्या मालकांना जाब विचारणेही सांगितले आहे. हजार वर्षांपूर्वीच्या त्या अधिकाऱ्याच्या हाती तराजू होता. आज खाद्यातील फायटेज मोजण्याची प्रमाणित पद्धत आंतरराष्ट्रीय मानक संस्थेने २००९ साली ठरवून दिलेली आहे. तेव्हा ‘दिसत नाही, मग कळणार कसे’ ही सबब कारखानदाराला उरलेली नाही.

खाद्य बनवणाऱ्या बांधवांनी गोळी तयार झाल्यानंतरचा नमुना तपासावा, कच्च्या भुकटीच्या पाकिटावरील आकड्यावर विसंबू नये. पिल्लाच्या खाद्यातून जे काढून घेतले, ते खात्रीने परत मिळेल एवढेच काढावे. शंका असेल तेथे काटा पिल्लाच्या बाजूने झुकता ठेवावा. वजन करून देताना झुकते द्यावे, अशी प्रेषितांची (स.) सूचना हदीसमध्ये आहेच. विक्रेत्यांनी मुदत संपत आलेला साठा सवलतीच्या नावाखाली गरीब शेतकऱ्याच्या माथी मारू नये. कोंबडीपालकांनी पोती उन्हात व ओलीत ठेवू नयेत, आणि खाद्यात कोणते विकर, किती आणि कोणत्या तारखेचे आहे, हे विचारण्याचा आपला हक्क बजावावा. आणि आपण खाणाऱ्यांनी? आपण दुकानात भाव विचारतो, जबह विचारतो. त्यांच्या जोडीला ही कोंबडी कशी पोसली गेली, हेही विचारू लागलो, तर आज ना उद्या ते सांगावे लागेल.

सूरह अर्-रहमानमध्ये आकाश उंचावल्याचा आणि मीजान, म्हणजे तराजू, स्थापित केल्याचा उल्लेख एकापाठोपाठ येतो, आणि लगेच त्या तराजूत घट न करण्याची ताकीद येते (आयती ७ ते ९). आकाश ज्याने तोलून धरले, त्याच्या दृष्टीला शंभर ग्रॅमांची घट लहान म्हणून सुटेल, असे समजणे भोळेपणाचे आहे. जे मोजायला माणसाजवळ तराजू नव्हता तेही तेथे मोजले जाणार आहे, आणि जे जीव येथे बोलू शकले नाहीत त्यांचाही हिशेब तेथे होणार आहे.

अल्लाह आपणा सर्वांना हलालबरोबर तय्यिबचीही ओढ देवो, आपल्या मापांत सचोटी देवो आणि आपल्या ताब्यातील मुक्या जिवांचे हक्क ओळखण्याची सद्बुद्धी देवो. आमीन.